तुझं स्टेशन गेलं तेव्हा

४ मे
तळ्याकाठचं विश्रामगृह, खोली सात

धाकटे,

हे पत्र हातात पडेल तोवर तुझा राग एक तर उतरला असेल, नाही तर पक्का झाला असेल. दोन्हींपैकी काय झालं ते मला इथून कळायला मार्ग नाही.

परवा मी तुझ्या स्टेशनवर उतरले नाही. ताप होता. आदल्या दिवसापासून अंग कसकसत होतं आणि सकाळी डोळाच उघडला नाही. जाग आली तेव्हा तुझं गाव मागे पडून दोन तास झाले होते. परतीची गाडी लगेच नव्हती, म्हणून शेवटच्या स्टेशनपर्यंत आले आणि इथे खोली घेतली. ताप आता उतरला आहे.

तुझ्या नवऱ्याने एवढी खटपट करून ही भेट जमवली होती. त्याला माझ्याकडून माफी सांग. मुलीसाठी एक भिंग आणलं होतं, ते पोस्टाने पाठवते. परतताना उतरले असते, पण दुकानातून लवकर या म्हणून निरोप आला आहे, तेव्हा थेट जावं लागेल.

इथलं तळं मोठं आहे. पलीकडचा काठ दिसत नाही. हवा बरी आहे.

— ताई

१६ मे
दुकान, मागची खोली

धाकटे,

ताप नव्हता.

तुझं उत्तर नाही, त्यामुळे तुला ते पटलं की नाही हे माहीत नाही. पण बारा दिवस ते वाक्य माझ्या मानेवर बसून आहे. मी ठणठणीत होते. दुकानातून निरोपही आला नव्हता. काय झालं ते सांगते.

सतरा वर्षांत पहिल्यांदा सलग पंधरा दिवसांची रजा घेतली. मालकांनी दोनदा विचारलं, "लग्नबिग्न करताय की काय?" म्हटलं, बहिणीकडे चाललेय. ते म्हणाले, "तुम्हाला बहीण आहे?" चष्म्याच्या काचा घासायचं यंत्र झाकलं आणि निघाले.

चार जणांचा कप्पा होता. एक जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली. एका जागेवर निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांचं विणकाम आणि त्यांची मतं दोन्ही अखंड चालू. आणि एक गृहस्थ होते, चौपन्न-पंचावन्नचे, रुंद हातांचे. आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, "ही खिडकीची जागा मी घेतली तर चालेल? मला ही बाजू सोयीची पडते." मी उठून समोर बसले.

शिक्षिकाबाईंनी दहा मिनिटांत त्यांची माहिती काढली. गृहस्थ रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. बायको आठ वर्षांपूर्वी वारली. महिनाभराची रजा.

"रजा मिळाली तर तुम्ही पुन्हा गाडीतच बसलात?" बाईंनी विचारलं.

"तीस वर्षं नुसतं पुढे बघितलं," ते म्हणाले. "मान आखडली. आडव्या अंगाला जग कसं असतं ते एकदा बघू म्हटलं."

मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी पटकन खिडकीकडे तोंड वळवलं. मला वाटलं, चष्म्याच्या दुकानातल्या बाईशी काय बोलायचं हे लोकांना सुचत नाही, तसंच असेल. पण तासाभराने तेच म्हणाले, "पुढच्या स्टेशनचं नाव वाचून दाखवू?" लांब, बोटभर दिसणारी पाटी. मला तिथे पाटी आहे एवढंच कळत होतं. त्यांनी अक्षर न् अक्षर वाचलं. मग तो आमचा खेळच झाला. पाटी दिसली की पैज. मी दरवेळी हरले. इतकी स्वच्छ लांबची नजर मी या वयाच्या माणसाची पाहिली नव्हती, आणि तसं म्हणाले. लाजले चक्क.

माझा चष्मा त्यांनी एकदा शर्टाच्या टोकाने पुसला. मी ओरडले, "शर्टाने नाही, चरे पडतात!" माझ्याकडचं मऊ फडकं दिलं. त्यानंतर रोज सकाळी चहा यायच्या आत माझा चष्मा पुसून, घडी घालून, माझ्या उशाशी ठेवलेला असायचा. लोकांचे चष्मे मी आयुष्यभर पुसले, माझा कुणी पुसला नव्हता. तुला हे हास्यास्पद वाटेल. मला त्या वेळी वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका स्टेशनवर गाडी बराच वेळ थांबली. मी सफरचंदं घ्यायला लांब गेले. शिट्टी झाली तरी माझं आपलं निवडणं चालूच. तेव्हा दारातून त्यांची हाक आली, "अगं, चढ लवकर! सुटली गाडी!" धावत येऊन चढले. धाप लागली होती. मग लक्षात आलं, आत्तापर्यंत आम्ही 'अहो-जाहो' करत होतो. दोघांनीही ती चूक दुरुस्त केली नाही. म्हणून इथून पुढे मीही 'तो' असंच लिहिते.

आम्ही दिवसभर बोलायचो. तो जेवणाच्या डब्याकडे जाताना मला नेहमी उजव्या हाताला ठेवायचा आणि माझं कोपर धरायचा. बोलताना थेट तोंडाकडे बघायचा. कुणी इतकं सरळ बघतं तेव्हा माणूस खरं बोलायला लागतो, निदान तसं वाटायला लागतं. मी एकोणपन्नास वर्षांची आहे. काय होतंय हे मला कळत होतं.

तिसऱ्या दिवशी तुझं स्टेशन आलं तेव्हा आम्ही जेवणाच्या डब्यात बसलो होतो. बोलण्याच्या नादात कळलंच नाही. कळलं तेव्हा गाडी सुटली होती.

एवढंच झालं.

— ताई

१ जून
घर

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. दोन ओळी: 'नवव्या डब्याच्या खिडकीत पडदा ओढणारा हात कुणाचा ते मला कळलं. पुढचं खोटं लिहिण्याआधी जरा दम घे.'

दम घेतला. चार दिवस घेतला.

मी जेवणाच्या डब्यात नव्हते. माझी बॅग बांधून दाराशी ठेवलेली होती, कोट अंगावर होता. दहाला पाच कमी असताना गाडी तुझ्या फलाटाला लागली. तू सहाव्या डब्यापासून एकेक खिडकी बघत येत होतीस. तू केस कापलेस. तुझ्या मागे पिवळ्या स्वेटरमध्ये तुझी मुलगी होती, सामानाच्या गाडीवर चढून उभी. मोठी झाली आहे. ती सहा वर्षांची असणार हे मला माहीत होतं, पण सहा वर्षं म्हणजे केवढी उंची होते ते माहीत नव्हतं.

शिक्षिकाबाई म्हणाल्या, "अहो, हेच ना तुमचं स्टेशन? बहीण येणार होती ना तुमची?"

मी म्हटलं, "नाही. माझं पुढे आहे."

बाईंच्या सुया थांबल्या. ड्रायव्हर समोरच बसला होता. त्याने माझ्या बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी पडदा ओढला. काच बाहेरून उजेडात आरशासारखी दिसते, म्हणून आतलं तुला दिसणार नाही असा माझा हिशेब होता. हातावरचा भाजल्याचा डाग मी विसरले होते. गाडी बारा मिनिटं थांबते. बारा मिनिटं मी कोट घालून बसून होते.

मग तिकीट पुढे वाढवून घेतलं. आदल्या संध्याकाळीच त्याने म्हटलं होतं, "शेवटपर्यंत चल. तळं बघ." मी नाही म्हटलं होतं, बहीण येणार आहे म्हटलं होतं.

तळ्याकाठी आम्ही एकाच खोलीत राहिलो. तू लहान नाहीस, त्यावर जास्त लिहीत नाही. चांगले दिवस होते. सकाळी काठाने फिरायचो, दुपारी तो झोपायचा, मी बाल्कनीत बसायचे. कुणाचं औषध द्यायचं नाही, कुणाची काच घासायची नाही. त्यातल्याच एका दुपारी तुला तापाचं पत्र लिहिलं. तो पोस्टात टाकून आला. 'कुणाला?' असं त्याने विचारलं नाही.

पण मी डोळे बघूनच जगते गं. दिसत नाही असं किती दिवस करणार?

पहिल्या दिवशी टेबलावरचा पेला त्याच्या डाव्या हाताच्या धक्क्याने पडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. दाराच्या चौकटीला दर वेळी डावा खांदा लागायचा. वेटर डावीकडून आला की तो दचकायचा. फिरताना मी एकदा चुकून त्याच्या डाव्या बाजूला गेले, तर तो "कुठे गेलीस?" म्हणत सगळा वळला. मी हातभर अंतरावर होते. तेव्हा गाडीतली 'सोयीची बाजू' आठवली. भिंत डाव्या अंगाला ठेवायची, माणसं उजव्या. माझं कोपर धरणं आठवलं. ते सरळ बघणंही आठवलं. त्याला सरळच दिसत होतं.

सहा तारखेला सकाळी बाल्कनीत त्याला म्हटलं, "चल, गंमत करू. माझ्या नाकाकडे बघ. हलायचं नाही. बाजूला माझी बोटं हलताना दिसली की सांग."

तो हसत बसला. मी दोन्ही हात पसरले आणि बोटं हलवत हलवत पुढे आणू लागले. डावीकडची बोटं त्याच्या कानापाशी आली, गालापाशी आली.

"कर ना सुरू," तो म्हणाला.

बोटं त्याच्या गालापासून वीतभर अंतरावर हलत होती.

मी हात खाली घेतले. त्याला कळलं. तो काही बावळट नाही.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दोन वर्षं. डावा आधी. आता उजव्याच्याही कडा गेल्यात थोड्या."

"डॉक्टर?"

"डॉक्टरकडे गेलो की कागद होतो. कागद झाला की इंजिन गेलं."

"आणि दरवर्षीची तपासणी?"

"तक्ता वाचतो, रंग सांगतो, ते सही करतात. तक्ता समोर असतो. रूळही समोरच असतात."

"माणसं समोर नसतात," मी म्हटलं.

मग त्याने आपणहून सांगितलं. मार्चमध्ये एका वळणावर रुळाच्या कडेला दोघं काम करत होते. त्याला दिसलेच नाहीत. शेजारच्या जोडीदाराने शिट्टी दाबली, ओरडला. दोघांनी उड्या टाकल्या. एकाचा पाय मोडला. जोडीदाराने कागदावर लिहिलं, माणसं अचानक आडवी आली. तोही त्याचा पंधरा वर्षांचा दोस्त. महिनाभर रजा घे, विश्रांती घे, मग बघू, असं त्यानेच सुचवलं होतं. ही ती रजा.

मी म्हटलं, "हा काचबिंदू असणार. गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं वाचतं. परत गेल्यावर पहिल्या दिवशी डॉक्टरकडे जा आणि ऑफिसात सांग. नाही तर मी लिहीन."

"तू लिहिणार नाहीस."

"का नाही?"

"चार वर्षं राहिलीत माझी. चारच. आणि..." तो थांबला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "तुझी बहीण फलाटावर होती. मी बघितलं. पडदा ओढलास तेही बघितलं. मी एका शब्दाने विचारलं? माणसाचं असतं काहीतरी. मी तुझं झाकलं, तू माझं झाक. एवढं तरी आहे ना आपल्यात?"

खरं सांगू? त्या क्षणी ते मला वाजवी वाटलं होतं. भाजी मंडईत भाव पटतो तसं. मग नको वाटलं. मी बॅग भरायला घेतली. तो दुपारच्या गाडीने गेला, मी दुसऱ्या दिवशी. एक तारखेपर्यंत वाट बघते असं त्याला सांगून ठेवलं.

परतताना तुझ्या स्टेशनवर दुपारी गाडी थांबली. मी दारात उभी राहिले, आणि पुन्हा आत येऊन बसले. हेही लिहून टाकते.

त्याची दोन पत्रं आली. दोन्ही गोड. तळ्याबद्दल, फडक्याबद्दल. डोळ्यांबद्दल अक्षर नाही. दुसऱ्यात होतं, 'सोमवारपासून कामावर.' मी आज सकाळी त्याच्या ऑफिसच्या वैद्यकीय विभागाला रजिस्टर पत्र टाकलं. खाली माझं नाव, दुकानाचा पत्ता, सगळं. एक प्रत त्याला. पोस्टातल्या बाईने विचारलं, "दोन्ही पोचपावतीसकट?" म्हटलं, हो.

त्याच्यासाठी मी तुझ्या स्टेशनवर उतरले नाही, हे आता तुला कळलं. राग मानायला हे कारण पुरेसं आहे.

— ताई

८ जुलै
दुकान

धाकटे,

तो काल आला होता.

दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. मालक जेवायला गेलेले. मी एक फ्रेम गरम वाळूत धरून वाकवत होते. दार उघडलं आणि खांदा चौकटीला लागल्याचा आवाज झाला. मान वर करायच्या आधीच कळलं कोण आहे.

"नंबर काढायचाय," तो म्हणाला. "जवळचं वाचायला त्रास होतो."

खुर्चीत बसवलं. तपासणीची जड फ्रेम नाकावर ठेवली आणि एकेक काच बदलत गेले. "ही बरी की ही?" "दुसरी." "आता?" "सारखीच." इतक्या जवळ उभं राहून दुसरं काही बोलता येत नाही, ही आमच्या धंद्याची सोय आहे. नंबर लिहून झाल्यावर त्याने खिशातून डॉक्टरांचा कागद काढून माझ्यापुढे धरला. काचबिंदूच. डावा जवळजवळ गेलेला. उजवा थेंबांनी राहील असं लिहिलंय.

"थेंब घालतोस?"

"तीन वेळा. घड्याळ लावून."

"कामाचं काय?"

"चौकशीच्या खिडकीत बसवलंय. गाडी कधी येणार ते लोक विचारतात, मी सांगतो. काच समोर, माणूस समोर. मला सोयीचं आहे." हसला नाही. "जोडीदाराला बढती मिळणार होती, ती अडकली. तो माझ्याशी बोलत नाही. तो पाय मोडलेला माणूस मात्र येऊन गेला. खिडकीशी उभा राहिला, गाडीची वेळ विचारली आणि गेला. त्याला माहीत होतं की नाही, कोण जाणे."

मी फ्रेमचे नमुने काढले. त्याने पहिलीच निवडली.

"आभार मानायला आलो नाही," तो म्हणाला. "डोळा वाचला, मान्य आहे. पण आभार मानावेसे वाटत नाहीत अजून. कदाचित वाटणारही नाहीत."

"नको मानूस."

"एक विचारायचं होतं. बहिणीला सांगितलंस?"

"सांगितलं."

"सगळं?"

मी फ्रेमचे नमुने पुन्हा खोक्यात ठेवायला घेतले. तो सरळ माझ्याकडे बघत होता. आता त्याचं कारण माहीत असूनही ते बघणं सहन होईना.

"का उतरली नाहीस तेही सांगितलंस?"

"तुझ्यासाठी, असं सांगितलं."

तो म्हणाला, "मी तिथे होतो. तू माझ्याकडे बघत नव्हतीस. त्या पोरीकडे बघत होतीस. माझं तेवढं सगळं सांगितलंस. सहीनिशी. स्वतःचं अर्धंच?"

चष्मा आठवड्याने तयार होईल असं मी सांगितलं. पोस्टाने पाठव, तो म्हणाला. दाराशी जाताना उजव्या हाताने चौकट चाचपून नीट बाहेर पडला. आम्ही पुन्हा भेटू असं मला वाटत नाही. मला ते बरं वाटतंय की वाईट, हे आज सांगता येत नाही.

आता उरलेलं अर्धं.

आई गेली तेव्हा तुला सातवा महिना होता. डॉक्टरांनी तुला पलंगावरून उठायची बंदी केली होती. आईचं दुखणं वाढलंय हे मी तुला तीन आठवडे कळवलं नाही. फोनवर म्हणायचे, बरी आहे, झोपली आहे. सगळं आटोपल्यावर कळवलं. तू विचारलंस, का? मी म्हटलं, आईनेच सांगितलं होतं, धाकटीला कळवू नकोस, तिच्या पोटातल्या जिवाला धक्का बसेल. तू म्हणालीस, आई असं म्हणणारच नाही. मी म्हटलं, तू इथे नव्हतीस. त्यावर आपलं बोलणं संपलं. मुलगी झाल्याचंही मला तुझ्या नवऱ्याकडून कळलं.

आई असं म्हणाली नव्हती.

पहिले दोन दिवस मी खरंच तुझ्या तब्येतीसाठी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी आईने विचारलं, "धाकटीला कळवलंस का?" मी म्हटलं, कळवलंय. मग ती रोज विचारायची. धाकटी निघाली का? धाकटी कुठवर आली? दाराशी कुणी आलं की मान वळवायची. दूधवाला असायचा, शेजारची असायची. मी सांगायचे, येतेय, डॉक्टर सोडत नाहीत, एकदोन दिवसांत येईल. शेवटच्या आठवड्यात ती मला तुझ्या नावाने हाक मारायला लागली. मी ओ द्यायचे.

तुझ्या डॉक्टरांना विचारून एखादी वाट निघाली असती. निदान फोन तिच्या कानाशी धरता आला असता. एवढं साधं होतं. ते मी केलं नाही. का, ते सहा वर्षं मी स्वतःलाही नीट सांगितलेलं नव्हतं. अकरा वर्षं तिचं सगळं मी केलं, धाकटे. तिचं जेवण, तिचं अंथरूण, तिची चिडचिड. शेवटी तरी तिने माझं नाव घ्यावं असं मला वाटत होतं. ती तुझं घेत होती. मला वाटलं, तू आलीस तर जे थोडं माझं आहे तेही जाईल. हे लिहिल्यावर किती लहान दिसतं. त्या खोलीत ते तसं दिसत नव्हतं.

नंतर तू विचारलंस तेव्हा मी ते आईवर ढकललं. ती काही उठून सांगणार नव्हती.

त्या दिवशी फलाटावर तुझी मुलगी पाहिली. तिच्यासाठी म्हणून मी गप्प बसले असं मी इतके दिवस म्हणत आले, ती समोर उभी होती. खाली उतरले असते तर तू पहिल्या तासात नाही, पण पहिल्या दिवसात आईचं विचारलं असतंस, आणि मला एक तर पुन्हा तेच सांगावं लागलं असतं, नाही तर हे. म्हणून पडदा ओढला. ड्रायव्हर निमित्त झाला. चांगला माणूस आहे, त्याच्यावर हे घालू नये.

तुझ्याकडून उत्तराची अपेक्षा ठेवत नाही. आईची शेवटची शुद्ध सतरा तारखेला दुपारी तीनच्या सुमाराला होती. तेव्हा ती म्हणाली, "धाकटी दमून येईल, तिला आधी झोपू दे." हे तुझं होतं. मी ठेवून घेतलं होतं.

— ताई

२४ ऑगस्ट
घर

धाकटे,

सहा आठवडे पत्र आलं नाही तेव्हा मी धरून चालले होते की आता येणार नाही. काल तुझा लिफाफा आला. उघडायच्या आधी भांडी घासून घेतली, ओटा पुसला, मग बसले.

तू लिहिलंस की माझं पत्र वाचून तू तीन दिवस कुणाशी बोलली नाहीस. लिहिलंस की माफ केलं असं म्हणायला तुला येत नाही, आणि येईपर्यंत मी ते मागू नये. नाही मागणार. लिहिलंस की आईचं ते वाक्य तू मुलीला सांगितलंस आणि ती म्हणाली, "मग तू झोपलीस का?" मी ते चार वेळा वाचलं.

आणि शेवटी लिहिलंस, 'यायचं तर ये. मी स्टेशनवर येणार नाही. एकदा उभी राहिले तेवढं पुरे. पत्ता आहे तुझ्याकडे, घर शोधून ये.'

बरोबर आहे. कबूल.

मालकांकडे रजा मागितली. ते म्हणाले, "पुन्हा बहीण?" म्हटलं, तीच. पुढच्या महिन्याच्या अकरा तारखेचं आरक्षण मिळालं आहे, तुझ्या स्टेशनपर्यंतचंच. गाडी तिसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना पोचते. तुमच्या गावात मी कधी पाऊल ठेवलेलं नाही, त्यामुळे घरी पोचायला किती वेळ लागेल ते सांगता येत नाही. रस्ता चुकले तर विचारेन. मुलीची शाळा बुडवू नकोस, नवऱ्याला पाठवू नकोस, आणि जेवायला माझ्यासाठी थांबू नका.

— ताई